रात्र त्रेचाळिसावी

मेहकरात मला ‘वाचणारे सर’ म्हणतात. ही ओळख मी वाचून कमावलेली नाही. एस.टी.ची वाट बघताना, बँकेच्या रांगेत, लग्नात नवरदेव पारावरून निघेपर्यंत माझ्या हातात पुस्तक असतं, एवढंच. हातात पुस्तक असलं की लोक वर्गणी मागत नाहीत, सोयाबीनचा भाव विचारत नाहीत आणि कोणाच्या पोराला कुठे चिकटवता येईल हेही विचारत नाहीत. शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं, ते गाव विसरलं. पुस्तक तेवढं लक्षात ठेवलं. एकदा ते मी उलटं धरलं होतं, हेही काही जणांच्या लक्षात आहे. अशी माणसं प्रत्येक गावात असतात.

तर अशा माणसाला गावच्या वाचनालयाचा नियम होता : एका वेळी एक पुस्तक, एक मासिक. सात दिवसांत परत, नाही तर दंड. हा नियम मला कायम अपमानास्पद वाटत आला. ज्या गावात वकिली करता करता ना. घ. देशपांडे कविता लिहीत होते, ज्या कवीला 1986 साली साहित्य अकादमी मिळाली, त्या गावात माझ्यासारख्या वाचकाला एक पुस्तक? मी ग्रंथपालांना हे अनेकदा ऐकवलं. ते म्हणायचे, “सर, तुमी एक तरी टायमावर आना, मंग दोनचं पाहू.”

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि वाचनालयाला कुलूप लागलं. माझ्याकडे एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी आणि एक मासिक अडकलं. खरं तर वाचायला याहून चांगली संधी नव्हती. पण घोड्यांच्या टापांनी पहिलं पान सुरू झालं आणि तिसऱ्या पानापर्यंत घोडी काही थांबेनात, म्हणून मी ठेवून दिलं. पुण्याला हिंजवडीत असलेल्या मुलाला फोनवर म्हणालो, “वाचायला काही नाही रे, जीव गुदमरतो.” हे वाक्य त्याने मनावर घेतलं. ही नवी पिढी आपण बोललेलं खरं धरते, हा तिचा मोठा दोष आहे.

आठवड्याभरात त्याचा जुना टॅब्लेट कुरियरने आला आणि फोनवर माझ्या कार्डाचा नंबर, मग ओटीपी, असं करत त्याने एका सेवेचं सदस्यत्व मला काढून दिलं. सेवेचं नाव सांगत नाही. आमचे संबंध अजून पूर्ण तुटलेले नाहीत. “बाबा, महिन्याला दोनशेच्या आत. लाखो पुस्तकं. अमर्याद.” अमर्याद! सात दिवसांच्या शिक्क्याखाली आयुष्य काढलेल्या माणसाला हा शब्द ऐकून काय झालं असेल, कल्पना करा.

त्या वर्षी राज्य सरकारने वाचनालयं उघडायला परवानगी दिली ती नेमकी 15 ऑक्टोबरला, म्हणजे डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिनी. मी पहिल्याच आठवड्यात तोंडाला मुसकं बांधून गेलो, वाचायला नव्हे, राजीनामा द्यायला. चार माणसं बसलेली पाहून छोटंसं भाषणही केलं. कागदाचं युग संपलं, ज्ञानाला आता भिंती नाहीत, सात दिवसांची मुदत ही सरंजामी कल्पना आहे, वगैरे. शेवटी अनामत रक्कम मागितली. ग्रंथपालांनी रजिस्टर काढलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, “बरोबर हाये सर. पन आधी ते घोड्यावालं पुस्तक आना.” पुस्तक आणलं. टाळेबंदीचे महिने त्यांनी सोडून दिले, त्याच्या आधीचा दंड मात्र कापला. उरलेल्या अनामतीत बसस्टँडवर दोन चहा झाले. ते मी एकट्याने प्यायलो, कारण सोबतीला यायला त्या दिवशी कोणी तयार झालं नाही.

आता नव्या संसाराकडे येतो.

पहिल्या रात्री मी अधाशासारखी पुस्तकं उतरवली. इतिहास, आयुर्वेद, शेअर बाजार, हिमालय, मधुमेह, एका जपानी माणसाने घर कसं आवरावं यावर लिहिलेलं काहीतरी. वाचण्याचा प्रश्न नव्हता. मिळतंय म्हणून घेत होतो. रात्री उशिरा एका पुस्तकावर बोट टेकवलं तेव्हा पाटी आली : आपण कमाल मर्यादा गाठली आहे, नवीन पुस्तक घेण्यासाठी आधीचं एक परत करा. मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. शब्द वेगळे, पण आवाज आमच्या ग्रंथपालांचाच.

मग कळलं की अमर्याद म्हणजे एका वेळी ठरावीक, हा या धंद्यातला रिवाजच आहे. किंडल अनलिमिटेड भारतात सप्टेंबर 2015 मध्ये महिना 199 रुपयांवर आलं, त्यातही एका वेळी वीसच पुस्तकं ठेवता येतात. एकविसावं हवं तर एक सोडा. माझ्या सेवेचा आकडा निराळा होता, पण तत्त्व हेच. त्या रात्री कोणतं पुस्तक परत करावं यावर मी जेवढा विचार केला, तेवढा पुढे एकाही पुस्तकावर केला नाही. शेवटी मधुमेह परत केला.

उरलेल्या पुस्तकांबद्दलही थोडं सांगतो. ‘श्रीमंतीचे सोपे मार्ग’ नावाची पुस्तकं तर मोजता येणार नाहीत. काहींवर ‘दहा पुस्तके एकत्र’ असं लिहिलेलं. उघडलं की तोच मजकूर पुन्हा पुन्हा, मधे मधे अनुक्रमणिका. मला वाटलं छपाईची चूक. मुलाने सांगितलं, छपाई नाहीच तर चूक कुठून? किंडल अनलिमिटेडने जुलै 2015 पासून लेखकाला पानामागे पैसे द्यायला सुरुवात केली. वाचकाने जितकी पानं उलटली, तितकी कमाई. त्याबरोबर काही हुशार लोकांनी जाडजूड रद्दी भरायला घेतली. काहींनी तर पहिल्याच पानावर दुवा दिला की हे दाबा आणि शेवटच्या पानावर जा. वाचक उडी मारून शेवटी गेला की मधली सगळी पानं वाचली असं मशीनला वाटायचं. कंपनीला मग त्यांच्या मागे लागावं लागलं. मला त्या लोकांचा राग आला नाही. पहिल्या पानावरून शेवटच्या पानावर जाऊन पुस्तक वाचल्याचं सांगणं ही माझी जुनी पद्धत आहे; तिचे पैसेही मिळू शकतात, हे कोणी वेळेवर सांगितलं नाही, इतकंच.

सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत माझा भाव मात्र वाढला. बालाजीच्या देवळापाशी कट्ट्यावर बसलो की मी टॅब्लेट मांडीवर ठेवायचो आणि विचारायची वाट बघायचो. एक मित्र रोज विचारायचे, “सर, पुस्तक चार्जिंगले लावलं का?” मी हसून सोडून द्यायचो. पण एकदा दुसऱ्या एका मित्राने, जे खरोखर वाचतात आणि म्हणून मला थोडे अडचणीचे वाटतात, हिमालयावरचं पुस्तक पाहिलं आणि म्हणाले, “मले द्या ना चार दिवस.”

“देता येत नाही.”

“काहून?”

“ते माझ्या खात्यावर आहे. म्हणजे माझं आहे, पण माझं नाही. मी वाचू शकतो, देऊ शकत नाही, विकू शकत नाही, ठेवूही शकत नाही.”

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मंग तुमाले काय भेटलं?”

आता गावात पुस्तक असंच फिरतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. वाचनालयातून एकाने नेलेलं पुस्तक तीन घरं फिरतं आणि चौथ्याच्या हस्ते परत येतं. रजिस्टरमध्ये नाव एकाचं आणि पानावर हळदीचं बोट दुसऱ्याचं. लाजेकाजेस्तव मी त्यांना आख्खा टॅब्लेटच दिला. तो परत आला तेव्हा हिमालय त्यांचा वाचून झाला होता. शिवाय त्यांची सून बाळंतपणाला येणार होती, नातवंडं सुट्टीला आलेली होती आणि सगळ्यांनी आपापल्या गरजेप्रमाणे पुस्तकं उघडून पाहिली होती. तेव्हापासून ती सेवा मला ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून ‘गर्भवतीचा आहार’ आणि ‘डायनासोर रंगवू या’ सुचवते. बायकोने एकदा ते पाहिलं. काही बोलली नाही, पण त्या संध्याकाळी मला कळण्यासारखी हसली.

मग मला वाटलं, आपल्या मातीतलं काही वाचावं. आमचा बुलडाणा जिल्हा तसा नावाजलेला. लोणारचं सरोवर आमच्याकडे. बेसाल्ट खडकात उल्का आदळून झालेली अशी सरोवरं जगात विरळाच. मी सेवेच्या खिडकीत ‘लोणार’ टाकलं. चक्र फिरू लागलं. फिरू दे म्हटलं. खामगाव–जालना रेल्वेची शंभर वर्षांहून जुनी मागणी उराशी धरून बसलेल्या जिल्ह्याला चक्राची घाई नसते. मग उत्तर आलं : लोणची आणि मुरंबे, सचित्र. ‘शीळ’ टाकलं, जी. एन. जोशींनी गायली आणि घराघरांत गेली ती आमच्या ना. घं.ची कविता, तर आलं शिळ्या पोळीचे पदार्थ. मग म्हटलं सदानंद देशमुखांचं ‘बारोमास’ तरी असेल. लेखक चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे, कादंबरीला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार, विषय आमच्याच शेतकऱ्याचा. पाटी आली : हे शीर्षक आपल्या योजनेत समाविष्ट नाही. खाली शेतीवर दुसरं एक पुस्तक सुचवलं होतं. गच्चीवर कुंडीत मिरच्या कशा लावाव्यात, त्याचं.

लाखो पुस्तकं असतात हे खोटं नाही. फक्त आपल्याला हवं असलेलं पुस्तक त्या लाखांच्या शेजारच्या खोलीत असतं आणि तिला वेगळं तिकीट असतं. चालणाऱ्या पुस्तकाचा प्रकाशक ते महिन्याच्या ठोक भाड्यात का टाकेल? त्याला प्रत विकून पैसे मिळतात. मराठीचं तर आणखी अवघड. किंडलवर मराठी पुस्तकं रीतसर आली तीच डिसेंबर 2016 मध्ये, आणि आपली कितीतरी चांगली पुस्तकं अजून कागदावरून उतरलेलीच नाहीत.

या धंद्याचा हिशोब समजून घेताना मला एक धक्का बसला, तो सांगितलाच पाहिजे. न्यूयॉर्कात ऑयस्टर नावाच्या कंपनीची सेवा 2013 साली सुरू झाली. महिना दहा डॉलरला पाच सेंट कमी, हवं तेवढं वाचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्क्रिब्डने त्याच वर्षी तसंच सुरू केलं. व्यवस्था अशी की वाचकाने पुस्तकाचा ठरावीक भाग वाचला की कंपनीने प्रकाशकाला प्रतीमागे पैसे मोजायचे. म्हणजे वाचक जितका वाचेल, तितका खड्डा. खानावळीचा मालक महिन्याचे पैसे भरून शनिवार-रविवार गावी जाणाऱ्या पोरांवर जगतो, तसा हा मामला. आणि स्क्रिब्डच्या नशिबी आल्या प्रेमकथा वाचणाऱ्या बाया. त्या खरोखरच वाचत होत्या! एक संपली की दुसरी, दुसरी संपली की तिसरी. 2015 मध्ये कंपनीने घाबरून प्रेमकथाच मोठ्या प्रमाणात काढून टाकल्या. पुढच्या वर्षी महिन्याला तीनच पुस्तकं, अशी मर्यादा घातली. 2018 मध्ये पुन्हा ‘अमर्याद’ची पाटी लावली, खाली बारीक अक्षरांत अटी. ऑयस्टरने तर सप्टेंबर 2015 मध्ये दुकान गुंडाळत असल्याचंच जाहीर केलं. ज्या महिन्यात किंडल अनलिमिटेड भारतात आलं, त्याच महिन्यात.

हे वाचून मी माझा हिशोब काढला. दर महिन्याला पैसे वेळेवर. पुस्तकं कपाटभर उतरवलेली. वाचलेली पानं मोजकी, तीही बहुतेक मित्राने वाचलेल्या हिमालयाची. म्हणजे या सगळ्या कंपन्या ज्याच्या शोधात होत्या, ज्याच्या अभावी एक बुडाली आणि एक हादरली, तो आदर्श ग्राहक मेहकरात पैनगंगेच्या काठी बसला होता. आयुष्यात पहिल्यांदा मला एका जागतिक उद्योगात आपलं स्थान दिसलं.

अशा मनःस्थितीत ऑक्टोबर 2021 उजाडला. शाळा 4 तारखेला सुरू झाल्या होत्या. 15 ला वाचन प्रेरणा दिन, पण त्याच दिवशी दसरा आल्यामुळे एका शाळेने कार्यक्रम आदल्या दिवशी ठेवला आणि ‘डिजिटल युगातील वाचन’ या विषयावर बोलायला मला बोलावलं. शाळेचं नाव घेत नाही. पोरं मोठी चौकस आहेत, एवढं सांगतो.

मी ठरवलं, नुसतं बोलायचं नाही, टॅब्लेटवरून वाचून दाखवायचं. पुस्तक निवडलं ‘श्यामची आई’. ते मी त्या सेवेतून घेऊन ठेवलं होतं. इथे एक बारीक गोष्ट आहे. साने गुरुजी 1950 साली गेले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक सर्वांचं होतं. म्हणजे ‘श्यामची आई’ 2011 पासून कोणीही छापावं, कोणीही फुकट वाटावं, फुकट उतरवावं. आणि मी ते भाड्याने घेतलं होतं.

मुलं मांडी घालून अंतर-अंतराने बसली होती. मुख्याध्यापकांचं हार, नारळ, ‘चालतंबोलतं ग्रंथालय’ वगैरे झालं. मी उभा राहिलो, टॅब्लेट उंच धरला आणि म्हणालो, “मुलांनो, या एवढ्याशा पाटीत एक लाख पुस्तकं आहेत.” मग पुस्तकावर बोट टेकवलं.

आपले मासिक शुल्क जमा होऊ शकले नाही. कृपया पेमेंटची माहिती अद्ययावत करा.

हे काय प्रकरण होतं, ते मला त्या रात्री समजलं. रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरून दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचा नियम बदलला. आधी ग्राहकाने ओटीपी देऊन रीतसर संमती नोंदवायची, पैसे कापण्याआधी 24 तास त्याला निरोप यायचा, मगच कापायचे. नियम ग्राहकाच्या भल्याचा आणि चांगलाच. फक्त ज्याने संमती नोंदवली नाही त्याचे पैसे अडकले. मला बँकेचे निरोप आले होते. ते मी ‘वाचणारे सर’ या लौकिकाला जागून न वाचता पुसून टाकले होते. मार्च 2020 ची घोड्यांची कादंबरी माझ्याकडे सात महिने पडली होती, कोणी दारात आलं नव्हतं. इथे हप्ता चुकला आणि श्याम, त्याची आई, हिमालय, जपानी माणूस, सगळे घर सोडून गेले.

पण हे नंतरचं. त्या क्षणी माझ्यासमोर शाळा होती. मी टॅब्लेट छातीशी तिरका धरला, घसा साफ केला आणि पाठ म्हणायचं ठरवलं. ‘श्यामची आई’ कोणाला येत नाही? लहानपणी वाचलं होतं, आचार्य अत्र्यांचा सिनेमा पाहिला होता. मात्र सगळ्यांना माहीत असलेला पायाला माती लागण्याचा प्रसंग घेतला तर पोरं शब्द न् शब्द ताडून बघतील. म्हणून कोणाला आठवत नसलेला एक प्रसंग रचावा, असा धूर्त विचार केला. पुस्तकातली प्रकरणं ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी आहेत हे आठवत होतं. किती, ते आठवत नव्हतं. मी गंभीर आवाजात सुरुवात केली, “रात्र त्रेचाळिसावी.”

आणि काय सुचलं मला! श्यामला आंबा पाडायचा मोह होतो, आई त्याला झाडाची माफी मागायला लावते, श्याम झाडाला मिठी मारून रडतो. मागे बसलेल्या एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी अधूनमधून पान उलटल्यासारखं काचेवर बोट फिरवत होतो. आवाज भरून आला होता, काही अंशी भीतीने. संपलं तेव्हा टाळ्या पडल्या. मुख्याध्यापक म्हणाले, “कोणाला काही विचारायचंय?”

दुसऱ्या ओळीतलं एक सडपातळ पोरगं उठलं. “सर, पुस्तकात त बेचाळीसच रात्री हायेत.”

मी म्हणालो, “डिजिटल आवृत्तीत एक जास्त आहे.”

हे उत्तर खपलं असतं. पण पोरगं बसलं नाही. “सर, आन् तुमच्या त्याच्यावर काहीच दिसून नाही राह्यलं. मघापासून तीच दोन ओळीची पाटी हाये. मले चष्म्यात दिसली तुमच्या.”

ही रात्र त्रेचाळिसावी आता तालुक्यात बरीच ऐकिवात आहे. काही जण ती मुद्दाम मला सांगतात, जणू मी ऐकलेली नाही. त्या बाईंचं मात्र अजून म्हणणं आहे की आंब्याचा प्रसंग पुस्तकात असायला हरकत नव्हती.

दसऱ्याला सोनं द्यायच्या निमित्ताने मी ग्रंथपालांकडे गेलो. त्यांनी आपट्याचं पान घेतलं, सदस्यत्वाचा फॉर्म काढला, अनामत वाढल्याचं सांगितलं. शाळेतलं प्रकरण त्यांच्या कानावर आलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं, पण त्यांनी विचारलं फक्त, “सर, सात दिवस चालंल ना?” मी सही केली. ती सेवाही पुढे मुलाने पुण्याहून आपल्या कार्डावर पुन्हा सुरू करून दिली आहे आणि ती बंद कशी करायची ते मला सापडलेलं नाही. आता ती मला मुंजीच्या तयारीची पुस्तकं सुचवते. मित्राचा नातू मोठा होतोय.

वाचनालयात ‘बारोमास’ची एकच प्रत आहे आणि ती सध्या बाहेर आहे. कोणाकडे आहे ते मी रजिस्टरमध्ये पाहिलं आहे, नाव छापत नाही. तुम्ही हे वाचत असाल तर मुदत कधीच उलटली आहे, एवढं लक्षात घ्या. दंडाची काळजी करू नका, तो कसा कमी करून घ्यायचा ते मी सांगेन. पुस्तक तेवढं आणून द्या. तुमच्यानंतर माझा नंबर आहे.